सतरा नंबरचा फॉर्म

कुलगुरूंनी बैठकीच्या शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही शंका?" आणि समोरची फाईल मिटत स्वतःच उत्तर दिलं, "नाही ना? मग चहा घेऊ या."

तेवढ्यात मागच्या रांगेतून 'टक्' असा आवाज आला. गाडेकर सर उठले. गळ्यात काळ्या दोरीनं अडकवलेलं स्टॉपवॉच त्यांनी चष्म्याजवळ नेलं आणि म्हणाले, "एक सेकंद आणि वर थोडं, मास्तर. एवढ्यात शिंकसुद्धा पुरी होत नाय. शंका कशी येईल?"

बैठकीला पन्नासेक प्राध्यापक होते. कुणी हसलं नाही. जो तो आपल्या बुटांच्या नाड्या न्याहाळू लागला. कुलगुरूंना शेऱ्याचा राग आला नाही, 'मास्तर' या शब्दाचा आला. पण सरांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, मास्तर आणि पोरं. कुलगुरू मास्तर, कुलसचिव मास्तर, मी बोर्डे मास्तर, आणि केंद्राच्या दारात स्टुलावर बसणारे शिपाई शेखचाचा हे 'चाचा मास्तर'. चाचांना तेवढं ते आवडायचं.

आमच्या विद्यापीठात डोंगराच्या बाजूला, लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक बैठी इमारत आहे. तिथं प्राध्यापकांना शिकवायला शिकवतात. वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. पहिलीच्या पोरांना शिकवायचं तर डी.एड. लागतं, आठवीच्या पोरांना शिकवायचं तर बी.एड. लागतं, पण पदवीच्या पोरांना शिकवण्यासाठी शिकवता आलं पाहिजे अशी अट कुठंच नाही. ही उणीव भरून काढायला सरकारनं तीन-तीन आठवड्यांचे वर्ग काढले, त्यांना 'उद्बोधन' आणि 'उजळणी' अशी भारदस्त नावं दिली आणि वर सांगितलं की हे केल्याशिवाय वरची श्रेणी मिळणार नाही. झालं. लोक प्रमाणपत्राला येऊ लागले आणि तिथं कुणी शिकवायला लागलं की त्यांना तो व्यत्यय वाटू लागला.

गाडेकर सर त्या केंद्राचे संचालक, म्हणजेच मुख्य व्यत्यय.

ते मूळचे देवगाव रंगारीचे, शेतकऱ्याघरचे, विषय भूगोल. शिकवण्याच्या बाबतीत त्यांचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांत मावायचं: सात मोजा. वर्गात प्रश्न विचारलात की तोंड बंद ठेवा आणि मनात सात मोजा. त्याआधी बोललात तर तो प्रश्न नव्हता, नुसतं खाकरणं होतं. "पेरलं की लगेच उकरून बघता काय उगवलं का म्हणून?" असं ते विचारायचे, आणि ते विचारल्यावरही सात मोजायचे. समोरच्याला कळायचं नाही की याचं उत्तर द्यायचं की नाही.

सातच का, हे मी त्यांना एकदा विचारलं. म्हणाले, "आमच्या मळ्यातल्या विहिरीत खडा टाकला की सात मोजल्यावर आवाज यायचा." पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकानं तिथल्या तिथं पाकिटावर गणित मांडून दाखवलं की अशी विहीर निदान दोनशे मीटर खोल असायला हवी. सरांनी पाकीट नीट वाचलं, परत केलं आणि म्हणाले, "आमच्याकडं पोरं भराभर मोजतात."

या सातानं त्यांचा संसारही सोडला नाही. फोनवर ते प्रश्न विचारून असे गप्प बसायचे की समोरचा 'हॅलो, हॅलो' करून लाईन गेली समजून ठेवून द्यायचा. मुलासाठी मुलगी बघायला गेले, तिला विचारलं, "बाळ, तुला काय आवडतं?" आणि मोजायला लागले. तिच्या काकांनी तिसऱ्या सेकंदाला सांगून टाकलं, "तिला स्वयंपाक आवडतो." सर म्हणाले, "काका, तुम्ही नापास. बाळ, तू सांग." ते स्थळ तिथंच मोडलं. मुलानं पुढं पुण्यात नोकरी धरली आणि लग्न आपलं आपण जमवलं. सरांच्या पत्नी त्याच्या आधीच गेल्या होत्या.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण ही गोष्ट सांगायची तर मला बाहेर बसता येणार नाही.

मी तेव्हा त्या केंद्रात प्रकल्प सहायक होतो. राज्यशास्त्रात पीएच.डी. चालू होती, सकाळी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर दोन तास घ्यायचो आणि दुपारी केंद्रावर सरांचा हरकाम्या. नेमणूक अकरा महिन्यांची. बाराव्या महिन्यात सरांनी 'काम समाधानकारक' असं लिहिलं तर पुढचे अकरा, नाहीतर गावाकडची एसटी.

पहिल्याच आठवड्यात सर न सांगता माझ्या सकाळच्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसले. मी त्या दिवशी जीव तोडून शिकवलं. घामानं शर्ट पाठीला चिकटला. तास संपल्यावर ते म्हणाले, "बोर्डे मास्तर, पंचेचाळीस मिनिटांत तुम्ही एकोणीस प्रश्न विचारले आणि एकोणीसची उत्तरं दिली. लई हुशार आहात. मग पोरांना कशाला बोलावलं?"

मी हा किस्सा पंचवीस वर्षं लोकांना सांगून हसवत आलो. त्या दिवशी मात्र मी हसलो नव्हतो. कुणी आपल्याला उघडं पाडलं आणि वर ते खरं निघालं की ते फार दिवस दुखतं. माझंही दुखत राहिलं.

केंद्रावरचा वर्ग कसा चालायचा तेही सांगतो. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, शाल, नारळ. दुसऱ्या दिवसापासून मस्टर. सकाळी दोन्ही सत्रांच्या सह्या एकदम करून दुपारी बीबी का मकबरा गाठायचा, ही पद्धत सरांच्या आधीपासूनची. तिसऱ्या रविवारी वेरूळची सहल. या सहलीला उपस्थिती शंभर टक्के असायची आणि तीत बायकोसाठी हिमरू शाल घेणं अभ्यासक्रमात नसूनही सगळे उत्तीर्ण व्हायचे. उरलेल्या वेळात प्रत्येकानं बाकीच्यांपुढं दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा. विभागप्रमुख झालेली, पोटं सुटलेली माणसं फळ्याजवळ उभी राहून घाम पुसायची, "समजलं ना?" म्हणायची आणि मागून यायचं, टक्. "शून्य सेकंद, मास्तर."

लोक चिडायचे. बीडच्या एका प्राध्यापकांनी मला व्हरांड्यात गाठून विचारलं, "तुमच्या साहेबांना खेळाच्या खात्यात का नेमलं नाही?"

सर्वांत शेवटच्या दिवशी प्रतिसादाचा फॉर्म. सरांनी स्वतः तयार केलेला. वर ठळक अक्षरात 'नाव लिहू नये' आणि खाली तीन प्रश्न: काय आवडलं? काय खटकलं? अशा वर्गाला पुन्हा यायला आवडेल का, होय की नाही? फॉर्म हातात आल्याशिवाय प्रमाणपत्र द्यायचं नाही, हा केंद्राचा एकमेव कडक नियम होता. सर ते गठ्ठे घरी न्यायचे, हिरव्या पेन्सिलीनं कोपऱ्यात नंबर टाकायचे, एकेक वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या निनावी माणसांना नोटीस बोर्डावर उत्तरं लावायचे. 'फॉर्म नऊ यांस: डाळ पातळ होती हे खरं. तुमचा पाठही पातळ होता.' 'फॉर्म बावीस यांस: गादीत ढेकूण असल्याचं कळवल्याबद्दल आभारी आहे. शिकवण्याबद्दल काही वाटलं असल्यास तेही कळवावं.' तोपर्यंत सगळे आपापल्या गावी पोचलेले असायचे. ती उत्तरं वाचायला चाचा आणि मी, एवढेच.

इथवरचं मी सगळ्यांना सांगितलेलं आहे. पुढचं आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

एका उजळणी वर्गाच्या शेवटच्या दिवशी सरांना कुलगुरूंनी अचानक बोलावून घेतलं. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "आधी फॉर्म, मग कागद." चाळीस जण होते. बारा वाजले आणि सगळ्यांची चुळबुळ सुरू झाली. "बोर्डे सर, लातूरची गाडी दोनला आहे." "बोर्डे सर, फॉर्म पोस्टानं पाठवतो की." एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आमच्याकडं पुढच्या वर्षी एक जागा निघतीय, लक्षात ठेवतो." तासिका तत्त्वावरच्या माणसाला एवढं पुरतं. मी प्रमाणपत्रं वाटून टाकली. दहा मिनिटांत हॉल रिकामा झाला. खुर्च्यांवर चाळीस कोरे फॉर्म राहिले. एकावर कुणीतरी समोसा ठेवला होता.

त्याच महिन्यात माझे अकरा महिने संपत होते.

चाचांनी दार लोटून घेतलं आणि निरनिराळी पाच पेनं आणून टेबलावर ठेवली. मी बसलो आणि चाळीस फॉर्म भरले. अक्षर कधी तिरकं, कधी उभं, कधी डॉक्टरसारखं. पहिले दहा भराभर झाले: वर्ग अत्यंत उद्बोधक, मार्गदर्शन मोलाचं, भोजन रुचकर, पुन्हा यायला आवडेल, होय. पंधरापर्यंत माझी विशेषणं संपली. चाचा शेजारी बसून तोंडात सुपारी घोळवत वाचत होते. म्हणाले, "साब, सब मीठाच मीठा नक्को लिखो. सर को शक आयेगा. एखादा कडवा भी डालो."

मी पेन डाव्या हातात घेतलं. डाळीबद्दल काहीतरी लिहायचं मनात होतं. पण अक्षर माझं नव्हतं, खाली नाव नव्हतं, आणि ते एकोणीस प्रश्न अजून दुखत होते. मी लिहिलं:

'सर, एकवीस दिवस तुम्ही आम्हाला शिकवण्याबद्दल शिकवलंत. तुम्ही स्वतः पोरांच्या वर्गावर शेवटचे कधी गेलात? मी सात मोजले. उत्तर आलं नाही.' आणि पुन्हा यायला आवडेल का, यापुढे 'नाही'.

मग हात मोकळा झाला. तीस-बत्तीसच्या आसपास तर मी कथाच रचली: 'मागच्या रविवारी घरी गेलो होतो. मुलीला प्रश्न विचारला आणि सर म्हणतात तसे सात मोजले. ती सहाला बोलली. माझी मुलगी माझ्याशी बोलते हे मला माहीत नव्हतं.' हे लिहून मी चाचांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ये वाला एकदम असली लगता." मला माझ्या कसबाचं कौतुक वाटलं. मला तेव्हा मुलगी नव्हती, लग्नही झालेलं नव्हतं.

सरांनी गठ्ठा घरी नेला. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर एकच उत्तर होतं: 'फॉर्म सतरा यांस: नऊ वर्षं झाली. तुमचं बरोबर आहे.'

आठवड्याभरात त्यांनी संचालकपद सोडलं. कुलगुरूंनी कारण विचारलं तर फॉर्म पुढं केला. 'एका निनावी माणसाच्या म्हणण्यावरून' म्हणून खुर्ची सोडणारा माणूस विद्यापीठानं तोवर पाहिला नव्हता. लोकांनी आधी शोधाशोध केली की चौकशी कसली लागली असेल. काही सापडलं नाही तेव्हा डोकं फिरलं म्हणाले आणि शांत झाले. सर आपल्या भूगोल विभागात परत गेले. तिथं सगळे तास वाटून झालेले होते, त्यांना कुणी तास देईना. मग त्यांनी बजाजनगरात वाळूजच्या कामगारांसाठी चालणारं एक संध्याकाळचं महाविद्यालय शोधून काढलं आणि तिथं फुकट शिकवायला लागले. पहिल्या पाळीवरून सुटलेली माणसं तशीच कंपनीच्या शर्टात येऊन बसायची. सर प्रश्न विचारून सात मोजायचे. चार मोजेपर्यंत अर्धा वर्ग झोपलेला असायचा. विभागात यावर फार विनोद झाले. त्यातले दोन चांगले विनोद माझे होते.

केंद्रावर देशमाने सर आले. त्यांनी पहिल्या दिवशी मला बोलावून गठ्ठा पुढं केला आणि म्हणाले, "बोर्डे, तुम्हाला फॉर्म भरता येतात असं चाचा म्हणत होता. बरं झालं." पुढं सगळं सुरळीत झालं. मस्टर एकदाच, स्टॉपवॉच नाही, सहली दोन. मी कायम झालो. अकरा वर्षं मी दर वर्गाचे फॉर्म भरत होतो, आता नियमितपणे आणि दोन्ही हातांनी. देशमाने निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. आता फॉर्म ऑनलाईन आहेत, लोक आपले आपण खोटं लिहितात.

सरांनी मात्र त्या सतरा नंबरला सोडलं नाही. त्यांनी चाळीसही जणांना कार्डं टाकली: 'आपण फॉर्म क्रमांक सतरा आहात काय? असल्यास कळवावं. एकदा चहा पाजायचा आहे.' लोकांना वाटलं काहीतरी पुरस्कार आहे. तिघांनी 'होय, मीच' म्हणून कळवलं. त्यातल्या एकानं बायोडेटा जोडला. सरांनी तिघांचंही अक्षर ताडून पाहिलं आणि तिघांना नापास केलं. बाकीचे एकोणचाळीस फॉर्म कुणाच्या अक्षराशी ताडायचं त्यांच्या मनातही आलं नाही. स्तुती खरी आहे का, हे कोण तपासतो?

लग्नात, सभेत, बसमध्ये कुणी जुना प्राध्यापक दिसला की सर त्याला कोपऱ्यात नेऊन हळूच विचारायचे, "मास्तर, तुम्ही सतरा नंबर का?" मी शेजारी उभा असायचो. मला कधीच विचारलं नाही. मी तर घरचा होतो.

या वर्षी जानेवारीत त्यांचा फोन आला. बजाजनगरात त्यांचं छोटंसं रो हाऊस आहे. "सवड काढून या, मास्तर. एक काम आहे." मी गेलो. वाळूजच्या रस्त्यावर पाळीच्या बसगाड्यांच्या मागं तासभर गाडी रेंगाळली. या रस्त्यानं सर पंचवीस वर्षं जात-येत होते आणि मी एकदाही आलो नव्हतो, हे त्या तासाभरात मला पुरेपूर मोजता आलं.

सरांनी स्वतः चहा केला. "साखर?" म्हणाले आणि थांबले. पोटऱ्या सुजल्या होत्या, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. म्हणाले, "पुण्याला चाललो. सूनबाई म्हणती एकट्यानं राहू नका. हितल्या बॅचला कुणी मास्तर नाय, ते एक राहिलं. आणि हे एक." त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच काढून माझ्यापुढं ठेवलं. शेजारी प्लास्टिकमध्ये बंद केलेला तो फॉर्म. "हे त्या सतरा नंबरवाल्याला द्यायचं. तुमच्याकडं आता सगळ्यांची नावं कॉम्प्युटरात आहेत. तुम्ही शोधा. हयातीत मला एकच माणूस भेटला ज्यानं माझा तास खरोखर ऐकला, आणि त्याचं तोंड मी पाहिलं नाय."

मी सात मोजले. पुन्हा सात मोजले.

"सर, सतरा नंबर मी लिहिला."

ते हसले. "तुम्ही चौथे."

"सर, पेन्सिल द्या."

त्यांनी ती हिरवी पेन्सिल दिली. मी ती डाव्या हातात धरली आणि वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं: मी सात मोजले. उत्तर आलं नाही. सरांनी वर्तमानपत्र घेतलं, फॉर्म घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि दोन्ही कागद डोळ्यांपाशी नेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. मग फॉर्म उपडा ठेवला.

"तुम्ही तर वर्गाला बसलेलेबी नव्हता."

मी सगळं सांगितलं. लातूरची गाडी, समोसा, चाचांची पाच पेनं, माझे अकरा महिने, ते एकोणीस प्रश्न, देशमाने, खुर्ची. मला वाटलं होतं, सतराचं सांगितलं की ते चिडतील, बाहेर काढतील. त्याची मी मनाशी तयारी केली होती. ते सगळं ऐकून घेऊन त्यांनी उठून कपाटातून गठ्ठा आणला. पिवळा पडलेला. त्यातून एक फॉर्म काढला, शोधावा लागला नाही.

"हा एकतीस. ही पोरगी, सहाला बोललेली."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"हीबी तुमचीच?"

"हो, सर. तशी कुणी मुलगी नव्हती."

ते त्या कागदाकडंच बघत म्हणाले, "मी पुण्याला फोन लावतो ना, तेव्हा पोराला विचारतो, कसा आहेस. आणि मोजतो. तो चार-पाचला फोन सूनबाईकडं देतो. मी म्हणायचो, असू दे. कुठंतरी एक पोरगी सहाला बोलली होती. आपलंबी बोलंल एखाद्या दिवशी." मग म्हणाले, "लई लोकांना सांगितली मी ही पोरगी. आता तीसेक वर्षांची असंल म्हणायचो."

चहावर साय धरली होती. बाहेरून कंपनीची बस गेली, खिडकीची काच थरथरली. मला माफी मागायची होती, पण त्या घरात तो शब्द फार पटकन बोलल्यासारखा झाला असता.

टक्.

सरांनी स्टॉपवॉच केव्हा उचललं ते मला दिसलं नव्हतं. माझ्याकडं न बघता, काट्याकडं बघत त्यांनी विचारलं, "बोर्डे मास्तर, तुम्ही पोरांच्या वर्गावर शेवटचे कधी गेलात?"

मी सगळे सात वापरले.

"चार वर्षं झाली, सर."

"उद्या सहाला या. जिना पडका आहे, डाव्या बाजूनं चढा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. टायरच्या दुकानावरचा हॉल, कंपनीच्या निळ्या-राखाडी शर्टातली वीसेक माणसं, पुढं पॅकिंगला काम करणाऱ्या दोघी बायका, डोक्यावर खडखडणारा पंखा. सर शेवटच्या बाकावर. मी विचारलं, "सत्ता म्हणजे काय? तुमच्या भाषेत सांगा." एक, दोन, तीन. कुणी बोलेना. चार. माझी कानशिलं तापली आणि मी बोलून गेलो, "सत्ता म्हणजे दुसऱ्याच्या वर्तनावर..."

टक्.

मी थांबलो. फळ्याकडं तोंड करून घाम पुसला, वळलो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी तोंड दाबून धरलं. सहा झाले. पुढची एक बाई म्हणाली, "सर, पंखा बंद करा आधी. प्रश्न आईकूच येत नाय." वर्ग हसला. पंखा बंद झाला. त्या शांततेत मधल्या बाकावरचा एक जण, तोपर्यंत मला झोपलेला वाटत होता तो, म्हणाला, "ज्याच्याम्होरं उत्तर येत असून गप बसावं लागतं सर, त्याच्याकडं सत्ता असती."

मी फळ्यावर ते जसंच्या तसं लिहिलं. खडू दोनदा तुटला.

तास संपला तेव्हा सर निघून गेलेले होते, स्टॉपवॉचसकट. बाकावर एक फॉर्म उपडा ठेवला होता, जुन्या छपाईचा, तेच तीन प्रश्न. नाव नव्हतं. वर कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीनं नंबर टाकला होता: एक्केचाळीस.

काय आवडलं? 'दुसऱ्यांदा विचारलंत ते.'

काय खटकलं? 'चारला बोललात. पंचवीस वर्षं कमी होती काय?'

अशा वर्गाला पुन्हा यायला आवडेल का? तिथं होयवरही खूण नव्हती, नाहीवरही नव्हती. त्यांनी दोन्हींच्या मध्ये लिहिलं होतं: 'सात मोजून सांगतो.'